कोळशाने काढलेली आमची माणसं आमच्या वस्तीत दिसू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राजुरा तालुक्यातल्या सास्ती गावचे चित्रकार प्रभाकर पाचपुते यांचं काम चंद्रपूर जिल्ह्यातल्या खाणकामगारांना, आणि त्याहून जास्त खाणकामगारांच्या घरच्या बायांना, आपल्याच वस्तीत पाहायला मिळावं, या एका मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे. मागणी एका ओळीची आहे, पण कारण सांगायला जागा लागेल. ती द्यावी ही विनंती.

मी या भागातल्या एका भूमिगत कोळसा खाणीच्या लॅम्परूममध्ये नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. माझे मालक त्याच खाणीत लोडर, म्हणजे कोळसा भरणारे, होते. छत बसलं आणि ते गेले. वारस म्हणून मला नोकरी लागली. त्या काळी खाणीत वारस म्हणून लागलेल्या बहुतेक बायांना कॅन्टीन, झाडलोट, ऑफिस किंवा लॅम्परूम यांतलंच काम मिळायचं. मला दिवे मिळाले.

लॅम्परूम म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकांना ठाऊक नसेल. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या टोपीला एक दिवा असतो. त्याची वायर पाठीवरून खाली येते आणि कमरेच्या पट्ट्यात अडकवलेल्या बॅटरीला जोडलेली असते. आमच्या वेळच्या बॅटऱ्या वजनदार होत्या. त्यांत डिस्टिल्ड वॉटर भरावं लागे, आणि ॲसिडचा थेंब उडाला की साडीला भोक पडे. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षातच माझ्या सगळ्या साड्यांचे पदर चाळणीसारखे झाले होते. आता हलके एलईडी दिवे आले, तो त्रास गेला. प्रत्येक दिव्यावर नंबर असतो आणि तो नंबर एकाच माणसाचा असतो. पाळी सुरू होताना माणूस खिडकीशी येतो, बिल्ला देतो, दिवा घेतो. पाळी सुटली की दिवा परत आणतो आणि आम्ही तो चार्जिंगच्या रॅकवर त्याच्या नंबरच्या जागी लावतो. पाळी संपून वेळ झाली आणि एखाद्या नंबरची जागा रिकामी राहिली, तर पहिल्यांदा ते आम्हालाच दिसतं. सिरदार, ओव्हरमन या खाली देखरेख करणाऱ्यांना कळायच्या आधी आम्हाला कळतं की वर न आलेला माणूस कोण आहे.

इतकी वर्षं मी माणसांना खाली जायला दिवे दिले, पण मी स्वतः कधी खाली गेले नाही. जाता येत नव्हतं. १९५२च्या खाण कायद्याच्या कलम ४६ने बायांना जमिनीखालच्या कामावर ठेवायला बंदी केलेली होती. त्याआधीची गोष्ट निराळी होती. इंग्रजांच्या काळात आपल्या देशात बाया नवऱ्याच्या जोडीने खाली उतरायच्या, तो कोळसा फोडायचा आणि ती टोपलीने टबात, म्हणजे रुळांवरच्या छोट्या डब्यात, भरायची. मग बंदी घालून त्यांना हळूहळू वर काढलं. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३मध्ये बंदी उठवली आणि १९४६मध्ये पुन्हा लावली. अलीकडे २०१९मध्ये सरकारने सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेत, तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी, लेखी संमती असेल तर बायांना खाली जायची परवानगी दिली. आता शिकलेल्या मुली उतरतात. मला त्यांचा अभिमान वाटतो. पण माझ्यासारख्या बाया आयुष्यभर तोंडाशी उभ्या राहिल्या. आपला माणूस नेमका कुठे काम करत होता आणि कुठे गेला, ती जागा आम्ही पाहिलेली नाही.

२०२१मध्ये, टाळेबंदीच्या काळात, पुण्यात राहणाऱ्या माझ्या मुलीने मला मोबाईलवर पाचपुते यांची चित्रं पाठवली. त्या वेळी ब्रिटनमधल्या वेल्सची राजधानी कार्डिफ इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘आर्टेस मुंडी’ नावाच्या मोठ्या पुरस्काराचं प्रदर्शन होतं. संग्रहालय बंद, म्हणून चित्रं लोकांना घरबसल्या बघायला दिली होती. त्या वर्षी हा पुरस्कार एकाला न देता निवडलेल्या सहाही कलावंतांना मिळून दिला गेला, आणि त्या सहांत सास्तीचा हा मुलगा होता. मुलीला बातमीचं कौतुक होतं. मी मात्र बातमी बाजूला ठेवून दोन बोटांनी चित्र मोठं करून बघत बसले.

चित्रात माणसं होती, पण पूर्ण माणसं नव्हती. धड माणसाचं आणि डोक्याच्या जागी अवजार, नाहीतर यंत्राचा तुकडा. कुठे माणूस आणि जनावर एकमेकांत मिसळून गेलेले. पाठी वाकलेल्या, पाय जमिनीत रुतलेले. मागे उलटीपालटी केलेली जमीन. बघितल्याबरोबर मला ती ओळखीची वाटली. पाळी सुटल्यावर खिडकीशी जी माणसं यायची ती अशीच असायची. तोंड काळं, डोळ्यांची फक्त पांढरी कड, डोक्यावर दिवा. अंधारात दिव्याचा उजेड समोरून आला की मागचा चेहरा दिसत नाही. मी कितीतरी माणसांना चेहऱ्याने कमी आणि नंबराने जास्त ओळखत होते. दिवा पुढे आला की हात आपोआप त्या नंबराच्या जागेकडे जायचा. पाचपुते यांनी चेहऱ्याच्या जागी अवजार का काढलं, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मी पाचपुते यांना ओळखत नाही, त्यांच्या घरच्यांनाही नाही. बल्लारपूरहून वर्धा नदीचा पूल ओलांडला की राजुऱ्याच्या बाजूला सास्ती येतं, एवढाच शेजार. तो भाग पूर्वी निजामाच्या राज्यात होता, आणि कोळशाचं काम तिथे फार जुनं आहे. पाचपुते १९८६मध्ये तिथे जन्मले. त्यांच्या घरातली माणसं पिढ्यानपिढ्या खाणीत कामाला होती. मूर्तिकला शिकायला ते खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात गेले, पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, आणि मग मुंबईत आले. मुंबईत २०१२मध्ये क्लार्क हाऊस इथे त्यांचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन झालं. त्याचं नाव ‘कॅनरी इन अ कोल माइन’. कॅनरी हा छोटा पिवळा पक्षी. विषारी वायू माणसाला कळायच्या आधी त्याला बाधतो, म्हणून विलायतेतल्या खाणींत तो पिंजऱ्यात घालून खाली न्यायचे. १९८६पर्यंत नेत होते, मग यंत्रं आली. मुंबईनंतर २०१३मध्ये कोलकात्यात ‘लँड ईटर्स’ या नावाचं प्रदर्शन झालं. २०१४मध्ये ब्राझीलमधलं साओ पावलो, २०१६मध्ये मुंबईतलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, २०२२मध्ये व्हेनिस. माणूस जगभर गेला. त्यांचा विषय मात्र खाण आणि खाणीने घेतलेली जमीन हाच राहिला.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले तिच्याकडे येते. पाचपुते यांची बरीच चित्रं कोळशाने काढलेली आहेत आणि त्यांतली काही थेट भिंतीवर. दालनाची पांढरी भिंत, त्यावर छतापर्यंत जाणारं काळं चित्र. प्रदर्शन संपलं की भिंत पुसतात किंवा रंगवतात, आणि चित्र संपतं. उरतो तो फोटो. शिवाय ते कोळशाच्या चित्रांचे हलते सिनेमेही करतात. चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, थोडं पुसायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा फोटो. पुसलेल्या रेघेची राखाडी सावली मागे राहते, म्हणून हलणाऱ्या माणसाच्या मागे त्याची आधीची जागाही दिसत राहते. कॅनव्हासवरची रंगीत कामं, मातीची आणि लाकडाची कामंही ते करतात, पण माझा जीव भिंतीवरच्या कोळशात अडकला आहे.

चित्र काढायचा कोळसा आमच्या खाणीतला नसतो, हेही सांगते. आमचा दगडी कोळसा कठीण. त्याने भिंतीवर ओढलं तर भिंत खरवडते, चकाकणारे कण खाली पडतात आणि रेघ नीट उमटत नाही. कॉलनीतली पोरं क्वार्टरच्या भिंतींवर क्रिकेटचे स्टंप त्याच कोळशाने काढायची, म्हणून मला माहीत. चित्राचा कोळसा बारीक काड्या हवा लागू न देता भाजून करतात. तो मऊ असतो, बोटाने पसरतो, फडक्याने हलका होतो, खोडरबराने त्यातून उजेड काढता येतो. पण दोन्ही शेवटी जळलेलं किंवा गाडलं गेलेलं झाडच. एक भट्टीत झालं, दुसरं कोट्यवधी वर्षं वर्धेच्या खोऱ्याखाली दबून. ज्या घराने कोळसा खणला त्या घरच्या मुलाने चित्रासाठी कोळसाच हाती घेतला, यात मला दिखावा दिसत नाही. त्याच्या अंगणातली, कपड्यांतली, श्वासातली वस्तू त्याने उचलली.

आणि पांढरी भिंत. ही गोष्ट खाणीत न गेलेल्या जाणकारांच्या लक्षात आली असेल की नाही, सांगता येत नाही. सगळ्यांना वाटतं, खाण आतून काळीकुट्ट असते. पण खाली गॅलरीच्या, म्हणजे खाणीतल्या बोगद्यांच्या, भिंतींवर चुनखडीची पांढरी भुकटी मारतात. कोळशाची बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर तिचा स्फोट होतो. दगडाची भुकटी मिसळली की ती पेटत नाही. म्हणून त्या भुकटीच्या गोण्या रोज खाली जायच्या, आणि माणसं वर यायची ती काळी आणि पांढरी अशी दोन्ही धूळ घेऊन. माझे मालक सांगायचे, टोपीचा दिवा त्या पांढऱ्या भिंतीवर पडला की चालणाऱ्या माणसांच्या सावल्या छतापर्यंत जातात, माणसापेक्षा सावली कितीतरी मोठी. मी कधी पाहिलं नाही. पण दालनातल्या पांढऱ्या भिंतीवर छताला टेकलेली पाचपुत्यांची काळी माणसं मोबाईलमध्ये पाहिली तेव्हा मालकांचं ते सांगणं डोळ्यांपुढे उभं राहिलं. ते गेल्यानंतर इतक्या वर्षांनी मला पहिल्यांदा ते काम करत होते ती जागा दिसली. याबद्दल त्या चित्रकाराचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते छापील शब्दांत मान्य करावेत अशी माझी इच्छा आहे.

मी ती चित्रं आमच्या लाइनीतल्या बायांना दाखवली. मोठमोठ्या शहरांतली कला गरिबांना कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी त्या दुपारी तिथे असायला हवं होतं. एकीचा नवरा दमा वाढून मेडिकल अनफिट झालेला. ती पुष्कळ वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “हा पाळी करून आला आहे, अजून बसला नाही.” दुसरी मूळची बिलासपूरकडची. तिचे सासरे इथे मजुरीला आले आणि इथलेच झाले. ती जमीन बघून म्हणाली, “हे तर आमच्या मागचं ढिगार.” तिसरीने विचारलं, हे पुसून का टाकतात? त्यावर खूप बोलणं झालं. कुणी म्हणालं वाया गेलं, कुणी म्हणालं माणसं तरी कुठे राहिली. माझं उत्तर सरळ आहे. जे पुसलं जातं ते पुन्हा काढता येतं, आणि इथे काढता येतं.

ढिगाऱ्याचंही सांगते, कारण चित्रातली निम्मी जागा त्यानेच व्यापली आहे. भूमिगत खाणी कमी होत गेल्या आणि उघड्या खाणी वाढल्या. उघड्या खाणीत कोळशावरची सगळी माती आणि दगड आधी काढून बाजूला टाकतात. त्याला सगळे ओबी म्हणतात. वर्ष-दोन वर्षांत शेतांच्या शेजारी डोंगर उभे राहतात. नदीच्या अंगाने उभे राहिलेले डोंगर पावसाळ्यात पाण्याला वाट देत नाहीत. सुरुंगाने घरांना तडे जातात. डंपरच्या रस्त्याकडेची कापसाची बोंडं फुटायच्या आधीच करडी होतात. जमीन १९५७च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याने जाते. कुणाला नोकरी मिळते, कुणाला पैसे, आणि ज्याच्या नावावर सातबारा नव्हता पण हात त्याच शेतात राबत होते, त्याला काहीच मिळत नाही. इथला कोळसा चंद्रपूरच्या वीज केंद्रात जळतो. त्या एका केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. राज्यभर दिवे लागतात आणि त्या दिव्यांखाली बसून लोक आमचा जिल्हा प्रदूषित म्हणून वाचतात. पाचपुते खाणकामगाराला एकटा काढत नाहीत, शेतकऱ्यासोबत काढतात. बहुतेक वेळा दोघे एकाच घरातले असतात, कधी एकच माणूस दोन्ही असतो. पहिली पाळी करून दुपारनंतर शेतात जाणारी माणसं मी रोज पाहिली आहेत. भाषणांत नेहमी यांतलं एक येतं आणि दुसरं राहून जातं. यांच्या चित्रात दोन्ही आहे, म्हणून मला ते खरं वाटतं.

वेल्सचा उल्लेख वर आला आहे. तिथेही कोळशाच्या खाणी होत्या, बंद पडल्या, गावं रिकामी झाली. ब्लेनाव्हन या गावची ‘बिग पिट’ ही खाण १९८०मध्ये बंद झाली आणि १९८३मध्ये लोकांसाठी उघडली. आज ते राष्ट्रीय कोळसा संग्रहालय आहे. पाहुण्याला टोपी, दिवा आणि कमरेची बॅटरी देतात. काडेपेटी, मोबाईल आणि बॅटरीचं घड्याळ वरच काढून ठेवायला लावतात, कारण खाणीचे नियम अजून लागू आहेत. मग पिंजऱ्याने ९० मीटर खाली नेतात, आणि नेणारे वाटाडे खाणीत काम केलेले लोक असतात. मुलीने हे वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं, तिथे दिवे देणारी बाई कोण असेल? आपल्याकडे असं होत नाही असंही नाही. नागपूरजवळ सावनेरला वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि पर्यटन महामंडळाने २०१६पासून खाण पर्यटन सुरू केलं. म्हणजे इच्छा झाली तर वाट निघते.

माझी मागणी याहून पुष्कळ साधी आहे. कुणालाही खाली न्यायचं नाही. जिल्ह्यात बंद झालेल्या भूमिगत खाणींची जमिनीवरची बांधकामं आहेत, हॉलेज घर (टब ओढणाऱ्या यंत्राची खोली), हाजरीघर, लॅम्परूम. पत्रे गेले असतील, भिंती पक्क्या आहेत. त्यांतलं एक बांधकाम निवडावं, इंजिनीयरकडून सुरक्षित असल्याची खात्री करून घ्यावी, आतून चुना मारावा आणि पाचपुते यांना विनंती करावी की इथे येऊन भिंतीवर काढा. बाजूच्या खोलीत त्यांचे कोळशाचे हलते सिनेमे पडद्यावर लावावेत. दिवस माझ्या मनात ठरलेला आहे, १७ सप्टेंबर, विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये मशीनला हार घालतात, प्रसाद असतो, आणि घरची माणसं, लेकरंबाळं आत येऊ शकतात. वर्षातून तो एक दिवस असा असतो की बाई नवऱ्याच्या कामाच्या जागी नवी साडी नेसून जाते. त्या दिवशी दार उघडावं आणि निदान पुढे महिनाभर उघडं ठेवावं, म्हणजे तिन्ही पाळ्यांच्या माणसांना येता येईल. वेळही ऑफिसची ठेवू नये. दुसरी पाळी रात्री सुटते, त्या माणसाला दिवसा झोप हवी असते.

खर्चाची काळजी कुणी करू नये. परदेशातून चित्रं मागवायची असती तर पेट्या, विमा, विमानभाडं लागलं असतं. इथे चुना, कोळसा, चार दिवे आणि एक पहारेकरी. एका गोष्टीत मात्र काटकसर नको. चित्रकाराला आणि त्याच्या मदतनिसांना योग्य मानधन द्यावं. आपल्या भागचा आहे, प्रेमाने येईल, असं म्हणून फुकट बोलावू नये. खाणीत एक टब भरला तर त्याची नोंद होऊन पैसे मिळत होते. भिंत भरली तरी मिळायला हवेत.

हल्ली आमच्याकडे भिंतींवर, पुलांच्या खांबांवर वाघ रंगवलेले दिसतात. ताडोबा आमचं आहे, वाघ आमचा आहे, ते चांगलंच आहे, पोरांना आवडतं. पण एखाद्या भिंतीवर टोपीला दिवा लावलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. वरोऱ्याला सरकारी खाण निघाली ती एकोणिसाव्या शतकात, माणसं तेव्हापासून जमिनीखाली जात आहेत. या जिल्ह्याच्या बोधचिन्हांत, फलकांत, महोत्सवांत त्या माणसाला जागा असावी, हा हट्ट मी धरते आहे आणि धरत राहणार आहे. कामगार संघटनांनाही माझं सांगणं आहे. बोनस, वेतन करार, सगळं महत्त्वाचं आहे, मी स्वतः गेटसमोर घोषणा दिल्या आहेत. पण मागणीपत्रात ही एक ओळ घालायला काय हरकत आहे? आपल्यातल्याच घरचा मुलगा आपल्या कष्टांची चित्रं काढून जगभर दाखवतो आणि आपण ती पाहिलेली नाहीत, याची खंत संघटनेला वाटायला हवी.

शाळांबद्दल एक. चित्रकलेच्या परीक्षेत मुलांना अजूनही डोंगर, सूर्य, झोपडी आणि नारळाचं झाड काढायला बसवतात. आमच्या शाळांच्या खिडकीतून नारळ दिसत नाही, ओबीचा ढीग दिसतो. मुलांना ही भिंत दाखवून, हातात काडीचा कोळसा देऊन, खिडकीतून दिसतं ते काढा म्हणावं. रंगपेटीला पैसे लागतात, कोळशाला लागत नाहीत. त्यातून कुणी चित्रकार होईल की नाही, तो पुढचा प्रश्न. बापाच्या कामाकडे मूल नीट बघेल, एवढं झालं तरी पुष्कळ.

मी आणि माझ्याबरोबर लॅम्परूममधून निवृत्त झालेल्या काही जणी यासाठी कामाला तयार आहोत. भिंती घासू, चुना मारू, दारावर बसू, येणाऱ्याला सांगू. येणाऱ्या प्रत्येकाला दारात टोपीचा दिवा द्यावा आणि आत वरचे दिवे मंद ठेवावेत, असं मला वाटतं. ज्याने त्याने आपल्या उजेडात चित्र बघावं. दिवे वाटायचं आणि मोजून परत घ्यायचं काम आमच्याकडे सोपवा, एकही नंबर चुकणार नाही. जिल्हा प्रशासन, खाण व्यवस्थापन किंवा संघटना यांपैकी जो कुणी पुढे येईल त्याने आपल्या वृत्तपत्रामार्फत कळवावं. आणि हे पत्र पाचपुते यांच्या वाचनात आलं तर त्यांनाही माझं एवढंच सांगणं आहे की भिंत तयार करून ठेवतो, तुम्ही कधी येऊ शकाल ते कळवा.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅम्परूम कर्मचारी,
बल्लारपूर, जि. चंद्रपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)